धरायचं कुठं आणि धुवायचं कुणी

स्वयंपाकघरात निवृत्त पुरुष शिरला की स्वयंपाक सुधारतो की बिघडतो यावर दुमत असू शकेल, खर्च वाढतो यावर नाही. त्यात तो पुरुष कारखान्यातून निवृत्त झालेला असला तर विचारूच नका. माझी उभी हयात अंबरनाथच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये गेली. लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून सुपरवायझरशी भांडलेला माणूस मी. असा माणूस घरी बसला आणि एक अख्खं स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात आलं, तर तो गपगुमान मेथी निवडेल अशी अपेक्षा कुणी करू नये.

ताब्यात आलं ते सौ.मुळे. तिची नोकरी अजून बाकी आहे. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. ती अंधारात घर सोडते, शेअर रिक्षाने स्टेशन गाठते आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परत येते. माझ्या सत्काराचा हार सुकायच्या आत तिने मिसळणाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, आता दोन्ही वेळचं तुम्हीच बघा."

मी बघितलं. मला दिसलं ते एक मागासलेलं खातं. विळी, पोळपाट, पाटा-वरवंटा, पितळी सोऱ्या, हँडल काळं पडलेली सांडशी. मोटर म्हणाल तर मिक्सरची तेवढी. मी तिथल्या तिथे आधुनिकीकरण जाहीर केलं. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिने पंच्याऐंशी कधीच ओलांडली आहे, पण इन्स्पेक्शन डिपार्टमेंट अजून तिच्याकडेच आहे. तिने एवढंच विचारलं, "आणि ते सगळं धुणार कोण?"

असल्या प्रश्नांनी देशाची प्रगती खुंटते, असं मी मनात म्हणालो.

सुरुवात नारळापासून झाली. बदलापूर गावातलं आमचं घर जुनं. कौलं गेली, स्लॅब आला, पण ओटा कडप्प्याचाच राहिला. मी आणलेली नारळ खवणी चकाचक होती. वर दात्यांचा गोळा, बाजूला फिरवायचा दांडा आणि खाली रबराचा पेला. खटका दाबला की पेल्यातली हवा निघून जाते आणि खवणी ओट्याला चिकटते. आईला मी शास्त्र समजावून सांगायला घेतलं, की हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो असतो, म्हणजे या एवढ्याशा रबराला वरून कितीतरी किलोंनी दाबून धरलेलं आहे, आता हत्ती आला तरी ही हलणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत खवणी सुटली. नारळाची कवड उडाली ती थेट मोरीत, आणि मी दांडा धरून तसाच उभा.

कारण साधं होतं. खोक्यावरच्या चित्रातला ओटा गुळगुळीत ग्रॅनाइटचा होता. आमच्या कडप्प्यावर इतक्या वर्षांच्या घासण्याने बारीक खड्डे पडलेत, त्यातून हवा आत शिरते. मग मी खवणी फरशीवर ठेवली, तिथेही सांध्यांतून हवा. शेवटी मी तिच्यावर डावा गुडघा रोवला आणि उजव्या हाताने दांडा फिरवला. त्या अवस्थेत मला सौ.ने पाहिलं आणि ती चप्पल न काढताच आल्या पावली बाहेर जाऊन बसली.

तेवढ्यात आईने विळी पुढे ओढली. पाटावर मांडी ठोकली आणि विळीच्या टोकाच्या खवणीवर कवड फिरवायला लागली. भुरभुर पांढरा कीस ताटात. मी तीस-पस्तीस वर्षं हत्यारांत काढली, पण विळीकडे हत्यार म्हणून कधी पाहिलं नव्हतं. टूलरूममध्ये पोराला पहिल्या दिवशी शिकवतात की आधी जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, नीट धर, मग हत्यार चालव. जॉब हलला की काम गेलं, प्रसंगी बोटही गेलं. विळीत उलटं, पातं पक्कं आणि माल हलतो. पात्याला धरून ठेवायचं काम बसणाऱ्याच्या पायाचं आणि वजनाचं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. सुरीत एक हात सुरी धरण्यातच खर्ची पडतो. आईचं वजन जेमतेम चाळीस किलो, तरी तिच्या विळीचं फिक्स्चर माझ्या रबरी पेल्याहून भक्कम. हे मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "कवड धुऊन आण मोरीतली."

दुसरी खरेदी लोकलमधली. कल्याणहून परत येत होतो. डब्यात एक पोरगा चढला. त्याच्या हातात डब्याएवढं प्लास्टिकचं यंत्र, वर दोरीचं हँडल. विठ्ठलवाडी सुटताना त्याने कांदा आत टाकला, दोरी चार-पाच वेळा ओढली, उल्हासनगर यायच्या आत झाकण उघडून दाखवलं. कांदा असा एकसारखा बारीक की मला माझी अप्रेंटिसशिप आठवली. मग गाजर, मग कोथिंबीर. अंबरनाथला मी पैसे काढले.

घरी मी यंत्र काठोकाठ भरलं आणि दोरी ओढली. ती आलीच नाही. जोर लावला तेव्हा आली ती पूर्ण आली, परत आत गेलीच नाही. आता अशा वेळी सामान्य माणूस यंत्र कोपऱ्यात टाकतो. मी स्क्रूड्रायव्हर आणला. वरच्या झाकणाखाली दोरीची चकती असते आणि तिच्या पोटात घड्याळाच्या कमानीची असते तसली चपटी स्प्रिंग गुंडाळलेली असते. दोरी ओढली की ती आवळते, सोडली की उलगडून दोरी आत घेते. हे ज्ञान मला स्प्रिंगनेच दिलं. स्क्रू काढल्याबरोबर ती सळ्ळकन सुटली, चष्म्याला चाटून फ्रीजमागे गेली, आणि तिथून ओढून काढली तेव्हा हातभर लांब झाली होती. तिला पुन्हा त्या एवढ्याशा घरात बसवणं दोन हातांच्या माणसाला शक्य नाही. सोललेले कांदे आईने विळीवर चिरले.

रात्री सौ.ला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. "तो आमच्या डब्यातही येतो. आम्ही सगळ्या त्याच्याकडून आपापला कांदा कापून घेतो. यंत्र कुणी घेत नाही." लेडीज डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, संध्याकाळची भाजी घरी पोचेपर्यंत तयार असते, हे मला ठाऊक होतं. विक्रेत्यालाच राबवून घेतात हे नव्हतं. आणि खरी मेख तिथेच आहे. त्या पोराचा हात बसलेला. तो कांद्याचे आधी चार तुकडे करतो, यंत्र अर्धंच भरतो, दोरी सरळ वर ओढतो. मी पैसे मोजले ते त्या हाताचे. तो हात घेऊन तो अंबरनाथला उतरून गेला.

इंडक्शन शेगडीची गोष्ट मी खरं तर सांगणार नव्हतो. सिलिंडर संपला, पाऊस धो धो, नवा यायला वेळ, म्हणून मी ती आणली. काचेची काळी पाटी, लाल आकडे, बोट लावलं की पीं. वर कुकर ठेवला. शेगडीने पीं पीं केलं आणि इंग्रजी अक्षर दाखवून डोळे मिटले. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आई म्हणाली, "हिला भात नको असेल." मी माहितीपत्रक उघडलं आणि तिसऱ्या ओळीला घाम फुटला. या शेगडीच्या पोटात तारेचं वेटोळं असतं. त्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज जाते आणि भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन बूड तापतं. पण भांडं लोहचुंबकाला चिकटणाऱ्या धातूचं हवं. आमचा कुकर ॲल्युमिनियमचा.

आता सरफेस ग्राइंडरवर मॅग्नेटिक चक असतो, त्यावर लोखंड धरतं आणि ॲल्युमिनियम धरत नाही, हा धडा मी किती अप्रेंटिस पोरांना दिला असेल. एकाने ॲल्युमिनियमचा तुकडा तसाच ठेवून मशीन चालू केलं होतं, त्याला मी आठवडाभर झाडू मारायला लावलं होतं. तो हल्ली रस्त्यात भेटला की आदराने नमस्कार करतो. ही गोष्ट त्याच्यापर्यंत जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

शेगडी परत करायची म्हणजे अपमान. त्यापेक्षा भांडी बदलू, असं मी ठरवलं. खिशात चुंबक घालून भांड्यांच्या दुकानात गेलो आणि एकेक पातेलं उलटं करून बुडाला चुंबक लावत सुटलो. बरीच स्टीलची भांडीही चिकटत नाहीत. एकदाचं एक चिकटलं आणि मी आनंदाने ओरडलो, "हे चिकटतंय बघा!" दुकानात मुंजीची भांडी घ्यायला आलेल्या बायका होत्या. चुंबक चिकटला म्हणजे स्टील हलकं, असा आपल्याकडे बायकांचा पिढीजात समज आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. भारी स्टीलमध्ये निकेल असतं, त्यामुळे ते सहसा चिकटत नाही. त्यांनी निवडून ठेवलेली पातेली माझ्यापुढे धरली, "काका, हे बघा जरा." मी उत्साहाने सगळी तपासून दिली. त्यातली बरीच चिकटली. बायका हात झटकून निघून गेल्या. दुकानदाराने मला पातेलं विकलं, पण पिशवी दिली नाही.

एवढं करून शेगडी चालू करायचा मुहूर्त निघाला तो शुक्रवारी. दिवसभर लाईट गेली.

पोळीमेकर मात्र मी विचारपूर्वक घेतला, हे नमूद करतो. उल्हासनगरला जाऊन घेतला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली, 1949 मध्ये आमच्याच नदीवरून गावाचं नाव उल्हासनगर झालं, आणि तेव्हापासून जगात जे बनतं ते तिथे मिळतं, जे बनत नाही तेही कुणीतरी बनवून देतं. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथल्या माणसाने माझ्यासमोर गोळा ठेवला, झाकण दाबलं, उचललं, पोळी तयार. दाबलं, उचललं, फुलली. मला हायड्रॉलिक प्रेस आठवला. दोन तापलेल्या पाट्या, मध्ये जॉब, वरून दाब. यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

घरी पहिला गोळा ठेवून झाकण दाबलं. आतून किंकाळीवजा आवाज आला, चहूबाजूंनी वाफ सुटली आणि पोळी समोरच्या फटीतून सर्रकन बाहेर येऊन माझ्या बनियनला चिकटली. दुसरा गोळा मागे सरकवून ठेवला, तर बिजागरीकडची बाजू कागद आणि पुढची बाजू जाड, नकाशावरचा गुजरात. तिसरी गोल झाली. ती मी आईच्या ताटात वाढली. आईने ती दोन बोटांनी उचलली, उजेडात धरली, मोडली. कट्‌ आवाज आला. "पापड छान झालाय," ती म्हणाली. "डाळ कुठली घातलीस?"

त्याचं असं आहे, की या यंत्राला कणीक सैल हवी, तेलात मुरलेली. आपली कणीक त्यात दाबली की पीठ पसरायच्या आधीच तापलेल्या पाटीवर भाजून आखडतं. आणि घडीच्या पोळीचं तर नावच काढू नका. तेलाचं बोट फिरवून घडी घालायची, पीठ लावायचं, पुन्हा लाटायचं, तेव्हा पदर सुटतात. वरून दणका देऊन पदर येत नाहीत. माझा हट्ट पाहून शेजारच्या मावशींनी तांदळाच्या पिठाची उकड आणून दिली, म्हणाल्या, भाकरी तरी होते का बघ. त्या स्वतः परातीत उकड मळून पाण्याच्या हाताने भाकरी थापतात, ती चंद्रासारखी गोल आणि कडेपर्यंत सारखी. माझी निघाली ती पाहून त्यांनी विचारलं, "ही काय रिक्षाखाली आली होती काय रे?"

माझं सांत्वन एका गोष्टीने झालं. पुण्यात वाढलेल्या प्रणोती नागरकर यांनी सिंगापूरमध्ये पोळी करणारं यंत्र बनवलं, रोटीमॅटिक. पीठ, पाणी, तेल भरा, ते मळतं, गोळा करतं, दाबतं, भाजतं, फुगवतं. कंपनी 2008 साली सुरू झाली आणि यंत्र लोकांच्या ओट्यावर पोचायला 2016 उजाडलं. शिकलेले इंजिनिअर, सेन्सर, संगणक, आणि तरी आठ वर्षं. मी हे आईला वाचून दाखवलं. तिला फार वाईट वाटलं. "मला विचारलं असतं तर," ती म्हणाली. सौ.ने किंमत विचारली आणि विषय संपला.

पुरणयंत्राचं प्रकरण थोडक्यात. यंत्र चांगलं आहे, पण तीन पायांवर पातेल्यात उभं केलं की दांडा फिरवताना तेही फिरतं. मी ते पडवीतल्या माझ्या व्हाइसमध्ये आवळलं. धरावं तर असं. पुरण लोण्यासारखं मऊ निघालं. जेवताना सौ. म्हणाली, वेलदोडा कमी पडलाय, ग्रीस जास्त झालंय. पुढच्या होळीपासून मी व्हाइस आधी धुतो.

दिवाळीत बॅटरीवर चालणारं चकलीचं पिस्तूल आणलं होतं. चकलीच्या भाजणीचा घट्ट गोळा पाहून त्याच्या मोटरने एकदा हुंकार भरला आणि ती कायमची निवृत्त झाली. मग आईचा पितळी सोऱ्या काढला. त्याच्या दांड्यावरचे आटे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. चौकोनी आटे, हाताला जाणवणारी खोली, इतक्या वर्षांत झीज नाही. एवढा मोठा दांडा फिरवला की दट्ट्या जेमतेम दोन-चार मिलिमीटर खाली येतो, म्हणजे हाताचा जोर कितीतरी पटीने वाढून पिठावर पडतो. हे कुणीतरी कासाराने, कॅल्क्युलेटरशिवाय, बरोब्बर काढलेलं. मी तो व्हर्निअरने मोजला. आई म्हणाली, मोजून झालं असेल तर तेल तापलंय.

एअरफ्रायर मी घेतलेला नाही. तो पुण्याच्या मुलीने वाढदिवसाला पाठवला, "बाबा, तेल कमी खा," म्हणून. ही चीज 2010 साली फिलिप्सने बाजारात आणली. मुळात ती एक छोटी भट्टी आहे, आत पंखा लावून गरम हवा जोरात फिरवलेली. त्यात तळलं जात नाही, भाजलं जातं. हे वाक्य मोठ्या अक्षरांत खोक्यावर छापलं असतं तर माझा एक पाऊस वाया गेला नसता.

बदलापूरचा जुलै. उल्हास फुगलेली, अंगणात चिखल, आणि माणसाच्या आयुष्यात कांदाभजीशिवाय दुसरा हेतू नाही अशी संध्याकाळ. मी कांदा पातळ चिरला, मीठ लावलं, पाणी सुटल्यावर बेसन, ओवा, मिरची. एकेक भजं जाळीच्या टोपलीत सोडलं आणि खटका फिरवला. भजी कढईतल्या तेलात पडतात तेव्हा तेल क्षणात बाहेरून कवच धरतं. इथे धरायला कुणी नाही. पीठ हळूहळू जाळीतून खाली गळायला लागलं. पंख्याने कांद्याचे मोकळे काप उडवले, ते वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटले आणि जळाले. घंटा वाजली तेव्हा टोपलीत कांद्याचा सांगाडा होता आणि टोपलीखाली बेसनाचा पोळा. तो पोळा वाईट नव्हता. पण जाळीच्या त्या शेकडो भोकांत अडकलेलं बेसन मी रात्री अकरापर्यंत टाचणीने काढत होतो आणि आई झोपायला जाताना दारात थांबून काहीही न बोलता पुढे गेली. ते बोलणं मला जास्त लागलं.

तरी एअरफ्रायरला मी माळ्यावर टाकलेलं नाही. शेंगदाणे त्यात नामी भाजतात, एकही करपत नाही. वाफवलेल्या कोथिंबीर वड्या, सुरणाचे काप ठीक होतात. ज्याला आधीच आकार आहे आणि जे गळत नाही, ते तिथे टाकावं. एवढी किंमत देऊन घेतलेलं दाणे भाजायचं यंत्र गावात दुसऱ्या कुणाकडे नाही.

मिक्सरला मात्र मी हात जोडतो. टूलरूममध्ये आम्हाला सुमीतची गोष्ट सांगायचे. सीमेन्समध्ये नोकरी करणारे माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर आपले मसाले वाटता वाटता जळाला. परदेशी यंत्र शेक घुसळायला बनवलेलं, त्याला हळकुंड आणि सुकं खोबरं काय माहीत. माथुरांनी दणकट मोटरचा मिक्सर स्वतः तयार केला आणि 1963 मध्ये सुमीत जन्माला आला. जळालेल्या मोटरपुढे उभं राहून याला काय हवं होतं हा प्रश्न विचारणारा माणूस तो. मी असतो तर स्क्रूड्रायव्हर आणला असता. मिक्सर बिघडला की आजही उल्हासनगरला न्यावा, तिथे कपलर, बुश, वायसर, पातं, सगळं सुटं मिळतं आणि समोर बसवून देतात. त्याच भरवशावर मी पोळीमेकरही एकदा तिथल्या कारागिरापुढे ठेवला. त्याने झाकण उघडलं, बंद केलं आणि मायेने म्हणाला, "साईं, ये चालू है. यही तो प्रॉब्लेम है."

पण मिक्सरचाही माज 26 जुलै 2005 ला उतरलेला आम्ही पाहिला आहे. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला हे जगाला ठाऊक आहे, उल्हास नदी आमच्या आळीत शिरली हे आम्हाला ठाऊक आहे. पाणी उतरल्यावर मिक्सरच्या मोटरमधून गाळ निघाला, फ्रीज आडवा पडलेला. पाटा होता तिथेच होता. आईने त्यावर बादलीभर पाणी ओतलं, लिंबू फिरवलं आणि संध्याकाळी चटणी वाटली. 2019 च्या जुलैत, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली त्या रात्री, पुन्हा पाणी चढायला लागलं. आम्ही आधी मिक्सर माळ्यावर चढवायला धावलो. माळ्यावर जागा नव्हती. मी इंडक्शन आणि पोळीमेकर खाली उतरवून ओटीवर ठेवले, मिक्सर वर ठेवला आणि मनोमन नदीला निरोप दिला. पाणी एक पायरी खाली थांबलं. पुरानेसुद्धा पोळीमेकर नेला नाही.

कुकरबद्दल लिहायला मला जीव होत नाही, इतका तो सरळ आहे. दनी पापॅं नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनला बंद भांड्यात हाडं शिजवून दाखवली, तीच युक्ती. झाकण बंद, आत वाफ कोंडलेली, पाणी शंभरऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं, डाळ पटकन शिजते. हॉकिन्सचे कुकर 1959 पासून आहेत आणि त्यांचा एक कारखाना ठाण्यातच आहे, म्हणजे माल आमच्याच लाईनीवरचा. झाकण आतल्या बाजूने बसतं, त्यामुळे वाफ जितकी जास्त तितकं ते घट्ट, आणि आत दाब आहे तोवर उघडत नाही. यंत्राने माणसाच्या मूर्खपणाची तरतूद आधीच करून ठेवावी ती अशी. बाकी लायटर पावसात दमट झाला की नुसता टकटक करतो. आगपेट्या बनवणारी विमको ज्या अंबरनाथला होती, तिथे आयुष्य काढून मी लायटरच्या नादी लागलो. आता काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवतो, ती कोरडी राहते.

हल्ली दुकानात काही आवडलं तर मी दोनच गोष्टी पाहतो. हे काम करताना धरलेलं राहतं का, आणि याला भोकं किती आहेत. सांडशी दोन्ही परीक्षांत पहिली आली. नुसतं एक खिट्टीवर फिरणारं जोडपं, पातेलं काठाला पकडलं की सुटत नाही, धुवायला एक हिसका पुरतो. सोऱ्या, विळी, कुकर, खलबत्ता पास. मिक्सर धुण्यात काठावर पास. आणलेल्यांपैकी पुरणयंत्र पास, तेही व्हाइसच्या ग्रेस मार्कांवर. एअरफ्रायरला शेंगदाण्यांत मार्क, भज्यांत नापास.

माळ्यावरचं सामान काढायला मी भंगारवाल्याला बोलावलं होतं. त्याने इंडक्शन उचलून पाहिली, आतल्या तांब्याच्या वेटोळ्याचे पैसे दिले. पिस्तुलाची मोटर घेतली, खवणीचा दांडा घेतला. कांद्याच्या यंत्राचं प्लास्टिक नको म्हणाला, पण ती हातभर स्प्रिंग कशाला तरी लागेल म्हणून फुकट मागून घेऊन गेला. पोळीमेकर त्याने हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये तो मेरे घर में भी है."

तेव्हा वाचकहो, विनंती आहे. पोळीमेकर द्यायचा आहे, फुकट. उत्तम चालू स्थितीत, मूळ खोक्यासह, वायर साबूत, फारसा वापर नाही. उल्हासनगरच्या कारागिराने तपासून दिलेला आहे. ज्यांच्याकडे कणीक सैल आणि स्वभाव शांत आहे त्यांनी प्राधान्याने न्यावा. बदलापूर पश्चिमेला उतरून गावाकडे जाणारी शेअर रिक्षा पकडावी आणि न्यायला दुपारी यावं, सौ. तेव्हा ऑफिसात असते. अट एकच, परत आणायचा नाही.